चार सिलिंडरची हॉट रॉड : पैसे खाली, मग वर

२०२४ च्या ऑक्टोबरात माझी १९२९ ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची गाडी, रीतसर नंबर घेऊन रस्त्यावर आली. काम सुरू केलं होतं २०२२ च्या फेब्रुवारीत. या काळात मराठीत या विषयावर काही सापडलं नाही, आणि इंग्रजीत इतकं सापडलं की डोकं गरगरलं. जो तो आपापलं घोडं दामटतो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाला हा नाद लागला, तर निदान कशाच्या आधी काय करायचं एवढं कळावं, म्हणून हे लिहितोय.

हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर व्ही-८ इंजिन येतं, व्ही आकारात आठ सिलिंडर. फोर्डने ते १९३२ मध्ये आणलं, ६५ अश्वशक्तीचं. त्याआधी इथल्या पोरांच्या हाताला लागायच्या त्या मॉडेल टी आणि मॉडेल ए, म्हणजे एका ओळीत चार सिलिंडर. मॉडेल ए १९२८ ते १९३१ या काळात ४८ लाखांच्या आसपास निघाल्या. जुन्या झाल्यावर त्या मातीमोल भावाने मिळत. मडगार्ड काढून फेकायचे, जास्त कॉम्प्रेशनचं, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण जास्त दाबणारं हेड (सिलिंडरवरचं झाकण) लावायचं, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवायचे आणि म्यूरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेऊन पळवायच्या. तिथल्या क्लबांनी मिळून १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. ती आजही एल मिराजच्या तळ्यावर शर्यती भरवते आणि जुन्या चार सिलिंडर इंजिनांसाठी तिथे वेगळा वर्ग आहे. या इंजिनांना इथे ‘बँगर’ म्हणतात.

मूळ इंजिन ३.३ लिटरचं, ताकद ४० अश्वशक्ती, तीही मिनिटाला २२०० फेऱ्यांना. क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याला, आधार फक्त तीन बेअरिंगचा. वर तुम्ही काय वाटेल ते लावा, भार शेवटी त्या तिघांवर येतो. म्हणून इथले जुने लोक नव्या माणसाला एकच सांगतात : पैसे खाली घाल. मी त्यात एवढीच भर घालीन की कागद बेअरिंगच्याही खाली येतात.

गाडी मिळाली रिव्हरसाइडच्या बाहेर, एका आजोबांच्या शेडमध्ये. रोडस्टरची बॉडी, चासी, दोन्ही अ‍ॅक्सल, २१ इंची तारांची चाकं आणि जाम झालेलं इंजिन. मडगार्ड नव्हते, रेडिएटरचं कवच नव्हतं. आपल्याला मडगार्ड नकोच असतात, त्यामुळे अशी अर्धवट गाडी स्वस्त पडते. किंमत ठरली ७,८०० डॉलर. कागद विचारले तर आजोबांनी बिस्किटाच्या डब्यातून एक जुनी गुलाबी पिंक स्लिप काढली, म्हणजे कॅलिफोर्नियाचं मालकीपत्र. त्यावर नाव त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाचं. आणि त्यावरचा नंबर इंजिनवरच्या नंबराशी जुळत नव्हता.

इथे बरेच लोक पाय मागे घेतात. घ्यायची गरज नाही, पण पैसे देण्याआधी एक काम करायलाच हवं. त्या काळी गाडीची ओळख म्हणजे इंजिनचा नंबर. फोर्ड इंजिनवर नंबर ठोकायची आणि तोच नंबर चासीच्या डाव्या दांडीवरही ठोकायची. पुढे इंजिनं बदलली गेली, चासी बहुधा तीच राहिली. अडचण एकच : चासीवरचा नंबर बॉडीच्या पुढच्या भागाखाली दडलेला असतो. बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही.

आजोबांना विचारलं, “बॉडी थोडी उचलून बघू का?” ते म्हणाले, “बघ की. मीही कधी पाहिलेला नाही.” बोल्ट गंजून एकजीव झालेले. काही सुटले, काही कापले. जॅक लावून पुढची बाजू हातभर वर घेतली. दांडीवर तेल आणि धूळ मिळून झालेला काळा थर होता, तो आधी लाकडी पट्टीने खरवडला, मग तारेचा ब्रश हलक्या हाताने मारला. ग्राइंडर अजिबात लावू नका, अंक घासले गेले की संपलं. मग पांढरा खडू आडवा धरून फिरवला. खडू सपाट भागावर चढला आणि खड्ड्यांत काळं राहिलं : एक तारा, मग ‘ए’, मग एकेक अंक. आजोबा पिंक स्लिप हातात धरून वाचत होते, मी दांडीवरून. शेवटच्या अंकापर्यंत जुळला. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला, फोटो काढले. पुढे प्रत्येक खिडकीवर त्या ठशाचाच उपयोग झाला.

नंबर सापडलाच नसता तर? मग प्रकरण ‘खास बांधलेली गाडी’ या सदरात जाऊ शकतं. तिथे धुराच्या तपासणीसाठी राज्याच्या रेफरीकडे, म्हणजे अशा खास गाड्या तपासणाऱ्या केंद्राकडे, जावं लागतं, आणि बॉडी किंवा इंजिनच्या सालाप्रमाणे सूट हवी असेल तर वर्षाला फक्त पहिल्या ५०० गाड्यांना ती मिळते. नंबर असलेली १९२९ ची गाडी मात्र साधी जुनी गाडी धरली जाते. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणीच नाही. एवढा फरक त्या दोन बोटं रुंदीच्या जागेवर ठरतो.

आता फॉर्म. मालक वारले असतील आणि वारस गाडी विकत असेल तर आरईजी ५ हे प्रतिज्ञापत्र लागतं. मृत्यूला ४० दिवस होऊन गेलेले असावे लागतात, इथे वर्षं झाली होती. ते आजोबांकडून सहीनिशी, मृत्यूच्या दाखल्यासकट, पैसे देतानाच घेतलं. विकणारा नंतर फोन उचलेलच असं नाही. त्याशिवाय आरईजी ३४३ हा नोंदणीचा अर्ज, आरईजी २५६ वर सगळी हकिकत आणि विक्रीची पावती. गाडी अनेक दशकं नोंदणीशिवाय पडून असेल तर संगणकावर तिची नोंद नसते, माझ्याही गाडीची नव्हती. म्हणजे आरईजी ३१, गाडीची प्रत्यक्ष पडताळणी. पिंक स्लिप अजिबातच नसेल आणि गाडीची किंमत ५,००० डॉलर किंवा वर असेल तर जामीनरोखा घ्यावा लागतो, तो वेगळा खर्च.

मार्चमध्ये चासी ट्रेलरवर टाकून डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, नेली. नंबर सहज दिसण्यासारख्या जागी नसल्याने त्यांनी हायवे पेट्रोलकडे, म्हणजे महामार्ग पोलिसांकडे, पाठवलं. तिथली वेळ मिळाली दोनेक महिन्यांनी. ट्रेलरवर बॉडी नुसती ठेवून दोरीने बांधून न्या, बोल्ट लावू नका. अधिकाऱ्याला नंबर दाखवायला पाच मिनिटांत पुढची बाजू उचलता आली पाहिजे. ते वाकले, टॉर्च मारला, ठशाच्या कागदाशी ताडून पाहिलं आणि सही केली. मालकीपत्र ऑगस्टमध्ये टपालाने घरी आलं. पाकीट फोडताना हात थरथरत होते हे सांगायला लाज वाटत नाही. फी फार नाही, पण खरेदीच्या किमतीवर ‘यूज टॅक्स’ बसतो, माझ्या काउंटीत पावणेआठ टक्के. तो धरूनच घासाघीस करा. गाडी बांधून होईपर्यंत पीएनओ, म्हणजे ‘रस्त्यावर आणणार नाही’ असं कळवून ठेवलं की वर्षाला किरकोळ फीवर भागतं.

मालकीपत्रावर चासीचा नंबर आला, त्यामुळे आता इंजिन कोणतं बसवायचं ते माझ्या मर्जीवर. जुनं इंजिन उघडलं तर पाणी गोठून ब्लॉक बाहेरून फुटलेला. मला तसंही मॉडेल बीचं इंजिन हवं होतं. १९३२ ला व्ही-८ आलं तेव्हा फोर्डने चार सिलिंडरचंही सुधारलेलं इंजिन दिलं होतं. आकार तोच, पण ५० अश्वशक्ती, जाड क्रँक आणि मुख्य बेअरिंगना दाबाने तेल. ते १९३४ पर्यंत चाललं, पुढे पुढे क्रँकला तोल सांभाळणारी वजनंही आली. ए च्या चासीत ते जवळजवळ तसंच बसतं, फ्लायव्हील हाउसिंगसारख्या दोन-चार गोष्टी ए च्या वापराव्या लागतात. विकणारे कधी कधी ‘मॉडेल सी’ म्हणून चढा भाव सांगतात. मॉडेल सी असं काही इंजिन नव्हतं. नंतरच्या हेडवर ‘सी’ अक्षर ओतलेलं असे, एवढंच.

ब्लॉक मिळाला पोमोनाच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात. हा बाजार वर्षातून काही रविवारी भरतो आणि खरे खरेदीदार पहाटे अंधारातच टॉर्च घेऊन फिरतात. सात वाजता जाल तर चांगला माल गेलेला असतो. ब्लॉक बघताना हेड काढलेलं असू द्या. व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर नख फिरवा, तडे बहुतेक तिथेच असतात. मला वजनाच्या क्रँकसकट १,४०० डॉलरला मिळाला. घरी आणून धुतला आणि मॅग्नाफ्लक्स करून घेतला, म्हणजे चुंबक लावून लोखंडाची भुकटी टाकतात, तडा असला की तिथे रेघ उमटते. नव्हती.

आणि मग बेअरिंगचा प्रश्न आला. मूळ बेअरिंग ओतीव व्हाइट मेटलची, म्हणजे वितळवून जागेवरच ओतलेल्या मऊ मिश्रधातूची. आजचे काही लोक ब्लॉक मशीन करून शेल बेअरिंग, म्हणजे तयार सुट्या वाट्या, बसवतात. दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने भांडतात. आमच्या अण्णांचं कोल्हापुरात उद्यमनगरात इंजिन रिबोअरिंगचं वर्कशॉप होतं, ऑइल इंजिनांची बेअरिंगं तिथे ओतली जात. त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

“अण्णा, तुम्ही असता तर काय केलं असतं? ओतून घेऊ की शेल बसवू?”

“ओतणारा कोण हाय ते आधी बघ. बेअरिंगचं नंतर.”

“इथं तसे थोडेच राहिलेत.”

“मग जो राहिलाय त्याला विचार, मागल्या वर्षी किती ओतले आणि किती परत आले. दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसला तर पुढं जा.”

हा प्रश्न मी तीन ठिकाणी विचारला. एकाने हसून टाळलं. ज्याने सरळ उत्तर दिलं, त्याच्याकडे ब्लॉक, क्रँक आणि कनेक्टिंग रॉड पॅलेटवर बांधून पाठवले, दुसऱ्या राज्यात. पाच महिने सांगितले होते, वर्ष लागायला आलं. या धंद्यात हे नेहमीचं आहे. ही कामं करणारे हात थोडे, वय झालेलं आणि रांग लांब. वेळापत्रक आखताना सांगितलेल्या महिन्यांची दुप्पट करा आणि तोवर दुसरं काम हाताशी ठेवा. तिथे बोअर, नव्या व्हॉल्व्ह बैठका, ओतीव बेअरिंग, लाइन बोअर (सगळी मुख्य बेअरिंग एका रेषेत कापणं), क्रँकला आरपार भोकं पाडून रॉडपर्यंत दाबाने तेल आणि सगळ्याचं बॅलन्सिंग झालं. मूळ रचनेत रॉडना तेल उडूनच मिळतं, ते सावकाश चालणाऱ्याला पुरतं. फ्लायव्हील मूळचं साठ पौंडांहून जड असतं, ते लेथवर घासून चाळिसाच्या आसपास आणलं. वाहतुकीसकट बिल ७,२०० डॉलर. या इंजिनवरचा सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं काहीही दिसत नाही.

ते वर्ष ब्रेकवर घालवलं. मॉडेल एचे ब्रेक दांड्यांचे, यांत्रिक. नीट जुळवले तर चांगले चालतात, पण ४० च्या जागी दुप्पट ताकद आणि आजची रहदारी म्हटल्यावर मी हायड्रॉलिककडे वळलो. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले आणि तेव्हापासून पोरं तेच सोडवून जुन्या ए वर बसवत आली आहेत. म्हणजे सुरक्षितही आणि काळाला धरूनही. ड्रम, शूज, नवे सिलिंडर, पेडलखाली मास्टर सिलिंडर, नळ्या, सगळे मिळून २,१०० च्या आसपास. जुने ड्रम घेताना आतला व्यास मोजूनच घ्या, बरेचसे मर्यादेपलीकडे घासलेले असतात. चाकं १६ इंची घेतली. बॉडीचं काय, पत्रा ठोकला, खालच्या कडा नव्या जोडल्या आणि प्रायमरवरच थांबलो. रंगाला हौस लागते आणि पैसे, दोन्ही तेव्हा संपलेले.

सप्टेंबर २०२३ ला ब्लॉक परत आला. आता कुठे वरचा भाग. जुन्या काळची हेडं आणि कार्बोरेटर म्हणजे विनफील्ड, आणि रायली किंवा क्रेगरची ओव्हरहेड व्हॉल्व्हची किटं. आज ही नावं असलेला खरा माल बाजारात दिसला की किंमत ऐकून माणूस तो हळूच खाली ठेवतो. मी नव्याने बनवलेलं ६:१ कॉम्प्रेशनचं हेड घेतलं. मूळ मॉडेल ए ४.२ च्या आसपास होती, आणि आजचं साधं ८७ ऑक्टेन पेट्रोल ६:१ ला सहज पुरतं. त्यावर दोन कार्बोरेटर. सगळे स्ट्रॉमबर्ग ९७ लावा म्हणतात, पण ३.३ लिटरला रस्त्यावर दोन ९७ म्हणजे जास्तच. ९७ म्हणजे आतला गळा ०.९७ इंचाचा, ८१ म्हणजे ०.८१. मी ८१ ची जोडी लावली आणि कमी वेगातही गाडी अडखळत नाही. ही माझी निवड, शर्यतीवाले वेगळं सांगतील.

इथे एक अडचण येते ती आधी कुणी सांगत नाही. मॉडेल एची पेट्रोल टाकी डॅशबोर्डच्या पुढे, गुडघ्यांच्या वर असते आणि पेट्रोल आपसूक खाली उतरतं. मूळ कार्बोरेटर खाली असल्यामुळे ते जमतं. नवे कार्बोरेटर इंजिनच्या वर आले की टाकी अर्धी झाल्यावर आणि चढावर उतार पुरत नाही. पंप लागतोच. पण या स्ट्रॉमबर्गना अडीच पीएसआयपेक्षा जास्त दाब सोसत नाही, सुई उचलली जाते आणि पेट्रोल ओसंडतं. म्हणून पंपाबरोबर रेग्युलेटर आणि समोर छोटं गेज. शिवाय टाकी तुमच्या मांडीवर आहे हे लक्षात ठेवून सीटशेजारी अग्निशामक नळकांडं.

जोडणी हिवाळाभर चालली. सावकाश केली, प्रत्येक बेअरिंगला प्लास्टिगेज, म्हणजे दाबून अंतर दाखवणारी मऊ दोरी, ठेवून अंतर मोजलं, दीड थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास. या बेअरिंगच्या टोप्यांखाली पातळ पत्र्याचे शिम असतात. पुढे झिजलं की एक पत्रा काढायचा आणि अंतर पुन्हा जागेवर आणायचं. मागच्या मुख्य बेअरिंगला रबरी सील नसतं हेही माहीत असू द्या. तेल परतवणारी एक कडा आणि परतीची नळी, बस्स. गाडी थोडं तेल गाळणारच, खाली पुठ्ठा ठेवा आणि झोपा.

मे २०२४ मध्ये पहिल्यांदा चालू केली. टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडायचा ते, लावायला या इंजिनात फार सुरेख सोय आहे. पुढच्या झाकणात एक पिन असते, ती काढून उलटी घालायची आणि इंजिन हाताने फिरवत राहायचं. कॅमच्या गिअरवरच्या खळग्यात पिन टुपकन बसली की एक नंबरचा पिस्टन बरोबर वर आलेला. मग फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-२-४-३. प्लग काढून स्टार्टरने फिरवत राहिलो, ऑइलचा काटा हलेपर्यंत. तो हलला तेव्हाच माझा अर्धा जीव भांड्यात पडला. प्लग लावले, स्पार्कचा खटका वर करून स्टार्टर दाबला. दोनदा फुसफुसली, कार्बोरेटरमधून शिंकली आणि मग धरली. मोकळ्या चार नळ्यांतून तो आवाज आला तशी शेजारच्या काकू दारात आल्या. पळत जाऊन सायलेन्सर दाखवला, अजून बसवायचाय म्हणून.

हेडचे नट ५५ फूट-पौंडांवर, मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने. गरम करून, थंड झाल्यावर पुन्हा. शंभर मैलांनंतर पुन्हा. कंटाळा केला की हेड पॅकिंग जातं.

गिअरबॉक्स मूळचाच ठेवला, सिंक्रोमेश, म्हणजे गिअर आपोआप जुळवून घेणारी सोय, नसलेला. कोल्हापुरात एस.टी.च्या ड्रायव्हरमागे उभं राहून लहानपणी डबल क्लच बघितला होता, तो इथे कामाला आला. आठवडाभर दात वाजले, मग कानाला कळायला लागलं. हायवेला ताशी ५५ मैलांच्या पुढे नेत नाही. जाते, पण मी नेत नाही.

नंबर प्लेटचं थोडं : कॅलिफोर्नियात गाडीच्याच सालाची मूळ प्लेट लावता येते. १९२९ ची जोडी बाजारात २६० डॉलरला मिळाली. घेण्याआधी तो नंबर दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही ना, हे डीएमव्हीत विचारून घ्या, आणि दोन्ही प्लेटा असल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा जुन्या गाड्यांचा, ठरीव किमतीचा घ्या. साध्या विम्यात १९२९ च्या गाडीची किंमत शून्याजवळ धरतात. त्यासाठी फोटो आणि सगळी बिलं मागतात, ती पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा.

सगळा हिशेब ३१,००० डॉलरच्या घरात गेला. हौस थोडी आवरली, शेल-व्हाइट मेटलच्या भानगडीत न पडता चालू स्थितीतलं ए इंजिन घेतलं आणि फक्त हेड व एक कार्बोरेटर बदलला, तर निम्म्यात होईल. गाडी तरीही मूळपेक्षा चांगली पळेल. एल मिराजला सध्या मी बघायला जातो. तिथे पळवायची तर रोल केजपासून (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यापासून) सुरुवात करावी लागते आणि त्याला अजून घरून होकार नाही.

पाचशे मैलांना ऑइल पॅन उतरवून रॉड तपासले. दोन नंबरचा किंचित हलत होता, एक शिम काढला. इंजिन गाडीतून न उतरवता होतं हे काम : नवं पॅन पॅकिंग, नव्या कॉटर पिना, पाठीखाली जाड गोधडी आणि शनिवारची एक सकाळ.